भात-भाकरी सोडून वजन उतरवलेलं कुणी आहे का? सल्ला हवाय (खानापूर-बेळगाव)

खानापूरची सून:
नमस्कार मंडळी. वय ४३, उंची ५ फूट १ इंच, वजन ७८ किलो. आमच्याकडं भात तिन्ही त्रिकाळ. सकाळी फोडणीचा, दुपारी आमटीबरोबर, रात्री ताक घालून. गुडघे धरायला लागले तसं डॉक्टरांनी १० किलो तरी कमी करा म्हणून बजावलं. १२ दिवसांपूर्वी भात, भाकरी, चपाती एकदम बंद केली. पहिल्याच आठवड्यात ३ किलो उतरले. सासूबाईंना हाक मारून काटा दाखवला मी! पण तेव्हापासून काटा जागचा हलेना. डोकं दुखतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पोट साफ होत नाही. कुकर उघडला की वासानं जीव कासावीस होतो. मिस्टरांना शुगरची गोळी चालू आहे, तेही म्हणतात मीपण सोडतो. आपल्या घरच्या जेवणात बसेल असं सांगा. बदामाचं पीठ वगैरे आम्हाला परवडणारं नाही.

टिळकवाडीची अक्का:
ताई, आधी मिस्टरांना थांबवा. गोळीचं नाव बघा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात-भाकरी तोडली तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते, घाम फुटतो. डापाग्लिफ्लोझिन असेल तर वेगळाच धोका, साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. गोळीचा डोस डॉक्टरांनी बदलून दिल्याशिवाय त्यांनी ताटातलं काही कमी करू नये. हे मी कळकळीनं सांगतेय.

आता तुमचे ३ किलो. त्यात चरबी थोडी, पाणी जास्त. शरीर पिष्टाचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या १ ग्रॅमसोबत जवळजवळ ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणी जातं, त्याबरोबर मीठही जातं. डोकेदुखी आणि गोळे बहुतेक त्याचेच. बीपी नसेल तर ताकात मीठ घालून प्या. काटा थांबला म्हणून नाउमेद होऊ नका, खरी चरबी सावकाशच उतरते.

निपाणीकर:
वैनी, भात तेवढा सोडा. जोंधळ्याची भाकरी पोटभर खा, तिनं वजन वाढत नाही. आमचे आजोबा जन्मभर भाकरीवर राहिले, काटक होते.

वडगावची मास्तरीण:
दादा, आजोबा दिवसभर शेतात राबत होते. आपण खुर्चीत बसतो. मीही हेच मानत होते आणि त्यात दोन वर्षं घालवली. शेवटी एक दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ मोजलं. माझी एक भाकरी ७० ग्रॅम पिठाची निघाली. जोंधळ्याच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं ७० ग्रॅमच्या आसपास, गव्हातही तेवढीच. म्हणजे एका भाकरीत जवळपास ५०. आणि मी दिवसाला चार खात होते! भाकरीत कोंडा असतो, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हा तिचा गुण खराच. पण मोजून खाल्ली तरच.

ताई, एकदम बंद करू नका, टिकत नाही. मी दुपारी एक भाकरी ठेवली, रात्री एक छोटी वाटी भात. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. ताटात आधी मेथी, लाल माठ, दोडका, वांगं, जे असेल ते अर्धं ताट. मग मसुराची घट्ट उसळ नाहीतर दोन अंडी. भाकरी शेवटी घ्यायची, तोवर निम्मी भूक भागलेली असते. भाज्यांनी पोटाची तक्रारही गेली. शेंगदाण्याची चटणी मात्र चमचाभरच, तेलाच्या १ ग्रॅमला ९ कॅलरी, भाताच्या पिष्टाला ४.

आणि चहा! दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर. मी आधी तीच बंद केली. आठ महिन्यांत ९ किलो उतरले.

टिळकवाडीची अक्का:
मास्तरीणबाईंचं पटलं. स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास केला, २०१८ साली छापून आला. निम्म्यांची कर्बोदकं कमी केली, निम्म्यांचं तेल-तूप. वजन दोन्हीकडं सारखंच उतरलं. तेव्हा जे घरात वर्षभर जमेल ते धरा.

खानापूरची सून:
मिस्टरांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ग्लिमेपिराइडच लिहिलंय. वाचून हातपाय गार पडले. सोमवारी डॉक्टरांकडं नेते, तोवर त्यांचं जेवण नेहमीसारखंच. मी आज मीठ-जिरं घालून ताक घेतलं आणि चहा बिनसाखरेचा. पहिला घोट घशाखाली उतरेना.

एकच विचारते. नवरात्र आलं, माझे नऊ दिवस उपवास असतात. माहेर बेळगुंदीचं, भावानं रताळ्यांचं अर्धं पोतं पाठवलंय. खाऊ का?

वडगावची मास्तरीण:
खा की! साबुदाण्यापेक्षा कधीही बरं, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. मुठीएवढं एक रताळं, सालासकट उकडून, गूळ न घालता. सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर. आणि त्या जेवणात वरी-भगर घेऊ नका.