उत्तर: डिकलभोवतीची चंदेरी झाक
स्पिटफायर विमानाच्या मॉडेलच्या पंखावर डिकलभोवती (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्राभोवती) चंदेरी झाक येते म्हणालात, त्यात डिकलचा दोष नाही. मॅट (बिनचकाकीचा) रंग खरखरीत असतो. डिकलच्या पातळ पारदर्शक फिल्मखाली हवा अडकते आणि तीच चकाकते. म्हणून डिकलआधी ग्लॉस क्लिअरचे (चकचकीत पारदर्शक वार्निशचे) दोन पातळ हात द्यायचे, रात्रभर वाळू द्यायचे. मग डिकलखाली मायक्रो सेट (डिकल नीट चिकटवणारं द्रावण), वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण). सोल लागल्यावर डिकल सुरकुततं आणि इथेच बोटं शिवशिवतात! हात लावलात तर फाटलंच. वाळताना ते आपोआप पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडाच्या बारीक खाचांत) बसतं. तुमचं आता चिकटलेलंच आहे, तर चंदेरी भागाला बारीक सुईने टोचे मारा, ब्रशने सोल सोडा, वाळल्यावर लागलं तर पुन्हा. मॅट वार्निश अगदी शेवटी. पावसाळी दमट हवेत स्प्रे कॅन मात्र नकोच, पांढुरका थर धरतो.