सोल : मंगळवार सोडा, उतरतानाही कार्ड टेकवा

मैत्रिणीकडे सोलला जाऊन मंगळवारी ग्योंगबोकगुंग राजवाडा बघायचा, असं ठरवलं असेल तर थांबा. दिवस बदला, मंगळवारी तो राजवाडा बंद असतो. छांगदोकगुंग आणि दोक्सुगुंग हे राजवाडे सोमवारी बंद. हानबोक (पारंपरिक कोरियन पोशाख) भाड्याने घेऊन, घालून गेलात तर तिकीट लागत नाही.

बस-मेट्रोसाठी टी-मनी हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड घ्याच, पण बसमधून उतरतानाही मागच्या दाराजवळच्या यंत्रावर टेकवा. लोक इथेच चुकतात. उतरताना टेकवलं, तरच पुढच्या 30 मिनिटांत मेट्रो किंवा दुसरी बस पकडल्यावर मूळ भाडं पुन्हा कापलं जात नाही. रात्री 9 नंतर ही सवड तासाभराची होते. एका कार्डावर दोघांनी जाऊ नये, मेट्रोत चालत नाही. रिचार्जसाठी रोख वॉन जवळ असू द्या.

रस्ता शोधायला नेव्हर मॅप हे कोरियन नकाशांचं अ‍ॅप वापरा. मैत्रिणीला नुसतं मेट्रो स्टेशन विचारू नका, बाहेर पडायच्या दाराचा क्रमांकही विचारा. चुकीच्या दाराने वर आलात, तर आठ-दहा पदरी रस्त्याच्या पलीकडे उभे!

शाकाहारींनो, किमचीत (आंबवलेल्या कोबीच्या तोंडीलावण्यात) बहुधा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. बिबिमबाप (भाज्या घातलेला भात) मागताना ‘गोगी प्पे जुसेयो’ म्हटलं की मांस वगळतात. सोबतच्या सूपची खात्री मात्र नाही, त्यात सुकी मासळी उकळलेली असू शकते.