बी.ए. फ्रेंचनंतर फ्रान्स: एक सत्र, एक वर्ष की थेट मास्टर?

उत्तर_कसबा
घर सोलापूरला, शिक्षण पुण्यात. बी.ए. फ्रेंचचं दुसरं वर्ष चालू आहे, डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा बी1 पातळीपर्यंत झाली आहे. फ्रान्सला जायचं हे नक्की, पण कधी आणि कशासाठी यावर घरात एकमत होत नाही. तिसऱ्या वर्षातलं एक सत्र एक्स्चेंजवर जावं, बी.ए. झाल्यावर वर्षभराचा भाषेचा डिप्लोमा करावा, की थेट मास्टरला अर्ज करावा? त्यापुढची बी2 पातळी पुरते का? पैसे किती दाखवायचे आणि खरे किती लागतात? वडिलांचा चादरींचा लहान धंदा आहे, खात्यात मोठी रक्कम कधी पडून नसते. आणि कागदपत्रांची सुरुवात कुठून करू?

बाळीवेस
आधी वाट ठरव. तिन्हींच्या तारखा वेगळ्या आहेत, एकदम दोन धरल्या तर दोन्हीकडे उशीर होतो.

एक्स्चेंज फक्त तिथल्या विद्यापीठाशी करार असेल तरच. तुझ्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात नुसतं 'करार आहे का' विचारू नकोस. कोणत्या सालापर्यंत आहे आणि फ्रेंच विभागाला लागू आहे का, ते विचार. बरेचसे करार अभियांत्रिकी किंवा मॅनेजमेंटपुरते असतात. करार लागू असेल तर फी इथेच भरायची, तिथली सहसा माफ. तिथलं पूर्ण सत्र 30 ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या पद्धतीच्या, क्रेडिटचं असतं. तिथे कोणते पेपर घेणार आणि त्याबदल्यात इथले कोणते सुटणार, हे जाण्याआधी लेखी ठरवून विभागप्रमुखांची सही घे. तोंडी शब्दावर गेलेल्यांना परत आल्यावर तेच सत्र पुन्हा द्यावं लागतं. भारतीय विद्यार्थ्यांसाठीची फ्रान्सची शार्पाक एक्स्चेंज शिष्यवृत्ती याच वाटेसाठी आहे.

तीन वर्षांच्या बी.ए.वर एम1ला, म्हणजे मास्टरच्या पहिल्या वर्षाला, अर्ज करता येतो. भारतात राहणाऱ्यांनी तो 'एत्यूद आं फ्रांस' या पोर्टलवरूनच करायचा. 'मों मास्टर' हे मास्टरच्या प्रवेशाचं दुसरं पोर्टल आपल्यासाठी नाही, तिथे खातं उघडण्यात वेळ घालवू नकोस. पोर्टल साधारण ऑक्टोबरात उघडतं, म्हणजे तुझी मार्कशीट तेव्हा चार सत्रांचीच असेल. त्याने अडत नाही, चालू वर्षाचं बोनाफाइड जोडायचं. पुढे कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची मुलाखत, मग विद्यापीठांची उत्तरं, त्यातलं एक पोर्टलवर पक्कं करायचं आणि मग व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात व्हिसाचा अर्ज. फ्रेंच माध्यमाचा कोर्स असेल तर मुलाखत फ्रेंचमध्ये द्यायच्या तयारीनेच जा. 'हाच कोर्स का, याच विद्यापीठात का' यावर तिथल्या दोन-तीन पेपरांची नावं घेऊन बोलता आलं पाहिजे.

मास्टरसाठीच्या फ्रान्स सरकारच्या आयफेल शिष्यवृत्तीला विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करायचा नसतो, विद्यापीठ नाव पाठवतं आणि त्याची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते. म्हणून कोर्सप्रमुखांना नोव्हेंबरच्या आतच मेल जायला हवी.

तू न लिहिलेली आणखी एक वाट आहे: फ्रान्सच्या शाळांत इंग्रजीची सहायक शिक्षिका. आठवड्याला 12 तास, साधारण सात महिने, दरमहा मानधन. हे विद्यार्थी म्हणून जाणं नव्हे, व्हिसाही कामाचा असतो. बी.ए. आणि मास्टरच्या मधल्या वर्षासाठी मला ही वाट डिप्लोमापेक्षा कितीतरी चांगली वाटते.

अनुवादिनी
भाषेच्या पातळीबद्दल. बी2वर बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो, पण साहित्याच्या एम1मध्ये टिकायला त्यावरच्या सी1 पातळीच्या जवळ असावं लागतं. तिथल्या लेखी परीक्षेत चार तास बसून एका विधानावर दिसेरतासियों, म्हणजे युक्तिवाद मांडणारा दीर्घ निबंध, लिहायचं असतं. आपल्याकडे पाठ्यपुस्तकातले मुद्दे आठवून मांडले तरी गुण मिळतात. तिथे प्रश्न स्वतः उभा करून तीन भागांत युक्तिवाद न्यावा लागतो. ही सवय इथूनच लाव.

डेल्फ बी2ला चार विभाग, प्रत्येकी 25 गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण 50 हवेत आणि कोणत्याही विभागात 5च्या खाली जाऊन चालत नाही. मुलं अडकतात ती ऐकण्यात, कारण छोटे ध्वनिमुद्रित तुकडे एकदाच ऐकवतात. रोज रेडिओची बातमी एकदाच ऐकून चार ओळी लिहून काढणं हा त्यावरचा खात्रीचा सराव आहे. लेखनाला एक तासात किमान 250 शब्द लागतात, आणि तिथे व्याकरणापेक्षा जास्त गुण पत्राचा सूर चुकल्याने जातात: महापौरांना लिहायची तक्रार मैत्रिणीला लिहावी तशी लिहिली जाते. डेल्फचं प्रमाणपत्र कायमचं असतं, टीसीएफ या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेचं दोन वर्षांनी संपतं. तुझ्या बाबतीत डेल्फच दे.

कोर्स निवडताना एक मोठी चूक होते. एलईए, म्हणजे उपयोजित परकीय भाषा, हे नाव बघून फ्रेंचचे विद्यार्थी अर्ज करतात. तिथे फ्रेंच परकीय भाषांत धरत नाहीत. इंग्रजी आणि शिवाय स्पॅनिश किंवा जर्मनसारखी आणखी एक भाषा लागते. ती नसेल तर अर्ज वाया. भाषांतराच्या मास्टरचंही बरंचसं तसंच, तिथे फ्रेंच मातृभाषेच्या तोडीची धरलेली असते. पुढे शिकवायचं असेल तर एफएलई, म्हणजे परकीयांना फ्रेंच शिकवण्याचं शास्त्र, हा आपल्या पार्श्वभूमीला सगळ्यात नीट बसणारा मास्टर. त्यात प्रत्यक्ष अध्यापनाचा काळ असतो आणि इथे परतल्यावर त्याला मागणी आहे.

पार्क_चौक
कागदांची सुरुवात नावापासून कर. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या ओळीत. बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. फ्रान्समधल्या कारकुनाला यातलं आडनाव कोणतं हे कळत नाही. आपल्याकडे तर वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही दाखल्यागणिक बदलतं. सिद्रामप्पामध्ये एका कागदावर एक पी, दुसऱ्यावर दोन. पोर्टलवर अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच भर. पासपोर्टचं काम सोलापुरात पोस्टातल्या केंद्रात होतं.

जन्मदाखला महापालिकेतून नव्याने काढ आणि त्यावर तुझं नाव, आईवडिलांची पूर्ण नावं आहेत ना ते काउंटरवरच तपास. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते. फ्रान्समध्ये पोहोचल्यावर सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी फुकट आहे, पण ती याच दाखल्यावर होते. त्याचं फ्रेंच भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच लागतं, तू स्वतः केलेलं चालत नाही. अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून ठेवायचंच असेल तर या दाखल्याचं कर. एजंट सांगतात म्हणून सगळ्या मार्कशीटवर खर्च करू नकोस.

पैसे. व्हिसासाठी महिन्याला 615 युरो दाखवायचे, म्हणजे वर्षाचे 7,380. युरो 105 रुपयांनी धरला तर पावणेआठ लाख. सरकारी विद्यापीठांची फी युरोपबाहेरच्यांसाठी 2025-26 ला लिसांसला, म्हणजे पदवीला, 2,895 आणि मास्टरला 3,941 युरो होती. काही विद्यापीठं ती अंशतः माफ करतात, प्रत्येकाच्या साइटवर बघ. शिवाय सीव्हीईसी नावाचं सुमारे 105 युरोंचं शुल्क, एक्स्चेंजवाल्यांना ते लागत नाही. 615मध्ये पॅरिसमध्ये भागत नाही. पोआतिए, बझांसों, क्लेरमों-फेरां अशा शहरांत क्रूसची, म्हणजे सरकारी विद्यार्थी वसतिगृहातली, खोली मिळाली तर काटकसरीने भागतं. सीएएफ या सरकारी संस्थेचं भाड्याचं साहाय्य हिशेबात धरूच नकोस.

धंद्यातली रक्कम फिरती असते हे व्हिसा बघणाऱ्यांनाही कळतं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काका-मामांकडून आणून भरलेले पाच लाख मात्र संशयास्पदच दिसतात. वडिलांची तीन वर्षांची आयकर विवरणं, जीएसटी नोंदणी, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि बाकीसाठी बँकेचं कर्जमंजुरी पत्र, हे जास्त भक्कम. सरकारी बँकांत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे लागतं. घराचा उतारा आजोबांच्या नावावर असेल तर ते प्रकरण आत्ताच हातात घ्या, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

उत्तर_कसबा
सगळ्यांचे मनापासून आभार. उतारा खरंच आजोबांच्या नावावर आहे, उद्याच बाबांशी बोलते. भाषेच्या डिप्लोमाबद्दल बाळीवेस काकांचं मत कळलं. अनुवादिनीताई, तुम्हालाही तो नकोच वाटतो का? घरात आईचा ओढा तिकडेच आहे.

अनुवादिनी
नको असंच नाही. बझांसोंचं सीएलए, विशीचं काव्हिलाम ही फार चांगली केंद्रं आहेत, बोलणं झपाट्याने सुधारतं. पण या कोर्सेसची फी केंद्र स्वतः ठरवतं, वर लिहिलेले सरकारी दर लागू होत नाहीत, आणि हातात येणारा डिप्लोमा राष्ट्रीय पदवीच्या तोलाचा नसतो. बी.ए. फ्रेंच झालेल्या मुलीने कर्ज काढून पूर्ण वर्ष त्यात घालू नये. तिसऱ्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात चार आठवड्यांचा कोर्स परवडला तर जरूर कर. 90 दिवसांच्या आत असल्याने त्याला शेंगेन व्हिसा पुरतो.

पार्क_चौक
घराबद्दल राहिलं. खाजगी घरमालक फ्रान्समधला जामीनदार मागतात. त्याऐवजी चालणारी 'व्हिझाल' योजनेची हमी विद्यार्थ्यांना फुकट मिळते, व्हिसा हातात आला की लगेच अर्ज कर. ती यायच्या आधी कोणी फोटो दाखवून अनामत मागितली तर एक रुपयाही पाठवू नकोस.

पुण्यात व्हीएफएसची वेळ घेताना दुपारची घे. हुतात्मा एक्सप्रेस साडेदहाच्या सुमारास पुण्यात पोहोचते, सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री मुक्काम लागेल. फ्रान्सला पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा, नाहीतर मुक्कामच बेकायदा ठरतो. बॅगेत शेंगा चटणी खुशाल ने. तूप, खवा, पेढे नको, युरोपात प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत.

बाळीवेस
तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात पोर्टल भरताना बी2चं प्रमाणपत्र हातात हवं. त्यामुळे परीक्षा त्याआधीच्या उन्हाळ्यातच दे. पुण्याच्या अलियांस फ्रांसेझमधली नोंदणी परीक्षेच्या कितीतरी आधी बंद होते, निकालालाही काही आठवडे जातात. या आठवड्यात तिथे पुढच्या सत्रांच्या तारखा विचार.