तीन लोक, तीन मुलूख, पण घरं सगळी एकसारखीच वाटतायत

नकाशावाली

नमस्कार. दोन वर्षांपासून एक कल्पनारम्य कादंबरी लिहितेय. त्यात तीन लोक आहेत : दलदलीत राहणारे, वरच्या कोरड्या पठारावरचे आणि मधल्या खोल दरीतले. देव, सण, पोशाख, अगदी शिव्यासुद्धा ठरवून झाल्या. पण नायिका दलदलीतून पठारावर पोचते ते प्रकरण मैत्रिणीला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "ही नव्या मुलखात आलीय हे मला तीन पानांनंतर कळलं." परत काढून पाहिलं. दोन्हीकडे उंच मनोरे, कोरीव खांब, भलंमोठं दार. दलदलीतल्या सरदाराला मी दगडी वाडा दिलाय आणि चार दिवसांच्या वाटेवर दगडच नाही! आधी संस्कृती ठरवायची की आधी घरं?

ओली_माती

मी मातीच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे माझं उत्तर तिथूनच येणार. आधी हे ठरवा : घर कशाने खराब होतं आणि ते दुरुस्त कोण करतं? एवढं पक्कं झालं की निम्मी संस्कृती हाताशी लागते.

मालीमधल्या जेने गावची मोठी मशीद घ्या. आजची इमारत १९०७ची, मातीची. पावसाने गिलावा धुपतो, म्हणून दरवर्षी अख्खं गाव मिळून तो नव्याने चढवतं. चिखलात भाताचं तूस घालून तो आधी मुरत ठेवतात. बायका-मुली पाणी वाहतात, तरुण पोरं चिखलाच्या टोपल्या घेऊन धावतात, जाणते गवंडी देखरेख करतात. भिंतीतून ताडाच्या काठ्यांचे जुडगे बाहेर आलेले असतात. फोटोत ती नक्षी वाटते, पण गिलावा करणारे त्यांच्यावरच चढतात. कायमची परांचीच ती. आता बघा, एका गिलाव्यातून सण निघाला, कामाची वाटणी निघाली, भिंतीचं रूपही निघालं.

मुरलेल्या चिखलाला आंबूस वास येतो. आम्ही त्याचा गोळा तळहातावर थापून बघतो. कडेला चिरा पडल्या तर अजून थांबायचं. ही पारख तुमच्या एखाद्या म्हातारीला द्या. ती बोटं दाबून "उद्या" म्हणते आणि सगळं गाव एक दिवस थांबतं. तिचा मान वेगळा सांगावा लागणार नाही.

तुमच्या दलदलीत दगड नाही, हे तर फार चांगलं झालं. वाडा काढून टाका. दक्षिण इराकच्या पाणथळ भागात बोरूच्या जाड मोळ्या जमिनीत रोवतात, त्यांचे शेंडे वाकवून एकमेकांना बांधतात आणि त्या कमानींवर अख्खं सभागृह उभं राहतं. खिळा एकही नाही. पाहुणे तिथेच उतरतात, तंटे तिथेच मिटतात. टिटिकाका सरोवरातले उरू लोक तर बेटंच तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची करतात. खालचा थर कुजत जातो, वर नवा अंथरत राहायचं. आणि भांडण टोकाला गेलं तर करवतीने बेट कापून कुटुंब वेगळं होतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते. वाटणीचा सगळा कायदा त्या करवतीत आहे!

तुमच्या लोकांकडे वडिलोपार्जित घर असूच शकत नाही. मग वारसा कशाचा? कुठल्या बेटावरचा बोरू कुणी कापायचा, याचा. किंवा गाठ मारायच्या पद्धतीचा. आणि नायिका पठारावर पहिल्या रात्री भिंतीला पाठ टेकते तेव्हा भिंत गार लागते, वाऱ्यात कुरकुरत नाही. जन्मभर घराचा आवाज ऐकत झोपलेल्या मुलीला त्या शांततेत झोप कशी यायची? तिथे मुलूख बदलतो.

कोनाडा

मनोरे मात्र टाकून देऊ नका, त्यांना पठारावर कारण द्या. येमेनमधल्या शिबाममध्ये कच्च्या विटांची ७ मजल्यांपर्यंतची घरं आहेत. गाव तटाच्या आत, पुराच्या पात्रातल्या उंचवट्यावर वसलेलं. पसरायला जागा नाही, म्हणून वर चढलं. खाली धान्य आणि जनावरं, माणसं वरच्या मजल्यांवर.

ओली_माती यांच्या एका मुद्द्याला थोडी जोड देतो. हाताशी काय आहे यावरच सगळं ठरत नाही. तुर्कस्तानात मायरा इथे कड्यात कोरलेली लिशियन, म्हणजे त्या भागातल्या प्राचीन लिशिया मुलखातल्या लोकांची थडगी आहेत, इ.स.पू. ४थ्या शतकातली. अखंड दगड, तरी त्यात लाकडी घराच्या तुळया, सांधे, वाशांची टोकं हुबेहूब कोरलीत. दगडाला त्यांची काहीच गरज नव्हती. मेलेल्या माणसाला ओळखीच्या घरात ठेवायचं होतं, असं मला वाटतं. तुमचे पठारवाले कधीकाळी दलदलीतून वर आले असतील तर त्यांच्या विटांच्या भिंतीवरही बोरूच्या मोळीचे पीळ काढलेले असू द्या. ते का काढतात हे त्यांनाही आता माहीत नसेल.

दोरवाट

दरीतल्या लोकांसाठी : पेरूमधला केस्वाचाका हा गवताच्या दोरांचा झुलता पूल. दरवर्षी जूनमध्ये नवा बांधतात, जुना तोडून नदीत सोडून देतात. चार गावं मिळून काम करतात. बारीक दोऱ्या बायका वळतात, जाड दोर पुरुष.

नकाशावाली

वाडा गेला! सरदार आता बोरूच्या कमानींखाली बसतो आणि दर काही वर्षांनी त्याचं सभागृह नव्याने उभारायला लोक येतात की नाही, यावर त्याची सत्ता मोजली जाते. कोनाडा, तुमचे ते पीळ नायिकेला झोप न येणाऱ्या रात्री दिसतील. अंधारात भिंतीवरून हात फिरवताना बोटांना ओळखीची गाठ लागेल, आईच्या हातची.

दरीचं अजून सुचत नव्हतं. पण दोरवाट, तुमचं वाचलं आणि एकदम दिसलं : नव्या पुलाचा दिवस, एका काठावर दोरांचे ढीग तयार आणि समोरच्या काठावर त्या वर्षी कुणीच आलेलं नाही. आज रात्री तेच लिहायला बसतेय.