‘टेअर डाउन’ म्हणजे नुसतं ‘पाडणं’ का?

धागाकर्ती: आठवीच्या शिकवणीत ‘टेअर डाउन’चा अर्थ ‘पाडणे’ सांगितला. एक मुलगी म्हणाली, “बाई, टेअर म्हणजे फाडणे ना? मग भिंत कशी फाडतात?” माझ्या मते ‘पाडणे’ पुरेसं आहे. १२ जून १९८७ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन बर्लिनमध्ये, शहराचे दोन भाग करणाऱ्या भिंतीपाशी, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना उद्देशून ‘टेअर डाउन धिस वॉल’ म्हणाले. ‘ही भिंत पाडा’ म्हटलं की काय राहिलं?

भाषांतरकार: बरंच राहिलं! ‘टेअर’मध्ये ओढून, ओरबाडून काढणं आहे. भिंतीवरचं पोस्टरही टेअर डाउनच करतात. रागाने, जोर लावून. नोटिशीत ‘डिमॉलिश’ असतं, त्यात कुणाची चीड नसते. १९८९च्या नोव्हेंबरात लोक हातोडी-छिन्नी घेऊन त्याच भिंतीचे टवके काढत होते. त्याला ‘पाडणे’ फार थंड पडतं.

बांधकामवाला: नाही पटलं. तुम्ही एकटं ‘पाडणे’ घेऊन बसलात. आम्ही साइटवर कधी तसं बोलतो का? आमचा जुना वाडा आम्ही उतरवून घेतला: आधी कौलं, मग रिपा, वासे, शेवटी तुळया. दारं चौकटीसकट काढली, ती आज नव्या घरात आहेत. शेजारची पडकी भिंत मात्र जेसीबीने पाडून टाकली. ‘घेणे’ आणि ‘टाकणे’ने सगळा फरक सांगितला. इंग्रजीत जे ‘डाउन’ करतं, ते आपल्याकडे हे दुसरं क्रियापद करतं. मराठीला काही कमी नाही.

भाषांतरकार: ‘टाकणे’ काम संपवतं, हे मान्य. पण राग कुठून आणणार? ‘पाडून टाकली’ तर शांतपणेही म्हणता येतं. मी ‘तोडून टाका ही भिंत’ लिहीन.

धागाकर्ती: ‘तोडून टाका’ मलाही आवडलं. तरी परीक्षेपुरतं मी ‘पाडून टाकणे’च देणार, कारण मुलं मूळ चुका वेगळ्याच करतात. ‘टेअर डाउन इट’ लिहितात. सर्वनाम मध्ये हवं, ‘टेअर इट डाउन’. भूतकाळ ‘टोअर’. आणि उच्चार ‘टिअर’ केला की अश्रू होतात.

बांधकामवाला: आणि बाई, माणसालाही टेअर डाउन करतात, चारचौघांत खच्ची करतात. तिथे ‘पाडून टाकणे’ चालेल का?

धागाकर्ती: नाही चालणार. तिथे ‘पाणउतारा’.

भाषांतरकार: पाणउतारा एकदा होतो. हे रोज थोडं थोडं करतात. ‘खच्ची करणे’च ठेवा.