कोरियन मालिकांच्या प्रसाराचे श्रेय अनधिकृत संकेतस्थळांना द्यावे का?

सायली_वाचते
नमस्कार. अधिकृत वितरण नव्हते त्या काळात चाहत्यांनी उपशीर्षके लावून फुकट उपलब्ध केलेल्या प्रतींनीच कोरियन मालिकांचा परदेशी प्रेक्षक घडवला, असे विधान वारंवार वाचनात येते. परंतु जपानमध्ये ‘विंटर सोनाटा’ ही कोरियन मालिका २००३ साली एनएचके या तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या उपग्रह वाहिनीवर रीतसर दाखवली गेली आणि तेथील लाट तिच्यापासूनच उसळली. मग हे श्रेय नेमके कोणाचे? आणि त्या जुन्या श्रेयाच्या आधारावर आज अशा संकेतस्थळांवर मालिका पाहणे समर्थनीय ठरते का?

ईशान्येचा_प्रवासी
याचे उत्तर प्रदेशागणिक बदलते. जपानमध्ये वाहिनीने मालिका विकत घेतली, म्हणून तेथे अनधिकृत प्रतींना श्रेय देण्याचे कारण नाही. आपल्या देशातील मणिपूरचे उदाहरण मात्र वेगळे आहे. २००० साली तेथील एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपट आणि हिंदी वाहिन्यांवर बंदी घातली, तेव्हा निर्माण झालेली पोकळी अरिरांग आणि केबीएस वर्ल्ड या कोरियन वाहिन्यांनी, तसेच म्यानमारच्या सीमेवरील मोरेमार्गे आलेल्या नकली सीडी-डीव्हीडींनी भरून काढली. महाराष्ट्रात या मालिकांची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी इंफाळच्या तरुणांची केशरचना आणि पेहराव त्यांच्यामुळे बदलले होते. अधिकृत प्रत मिळण्याचे दुकानच नसलेल्या ठिकाणी नकली प्रत घेणाऱ्याला चोर म्हणताना माझी जीभ अडखळते.

उपशीर्षककार
मी काही वर्षे हौसेने उपशीर्षके केली आहेत, त्यामुळे या श्रमाविषयी आस्थेने लिहितो. एका भागाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक संवादाची वेळ जुळवायची, मग भाषांतर आणि त्यावर दुसऱ्याचा संपादकीय हात, असे हे काम चालते. ‘ओप्पा’ म्हणजे धाकट्या बहिणीने मोठ्या भावाला घातलेली हाक, पण प्रियकरालाही तीच लागू पडते. आपल्या ‘दादा’ला ती अर्धीच पेलते, म्हणून अनेक चाहते तो शब्द तसाच ठेवून अर्थ वेगळा समजावून सांगत.

या श्रमाला अधिकृत वाटही मिळाली, हे विसरू नये. २००७ साली सुरू झालेल्या ‘विकी’ या ऑनलाइन सेवेने स्वयंसेवकांची उपशीर्षके आणि रीतसर घेतलेले प्रसारणहक्क एकत्र आणले. २०१३ मध्ये जपानच्या राकुतेन कंपनीने ही सेवा विकत घेतली. म्हणूनच हौशी भाषांतरकार आणि आजची अनधिकृत संकेतस्थळे यांना एकाच तराजूत तोलणे मला अन्यायाचे वाटते. आजची बहुतेक संकेतस्थळे अधिकृत सेवेवरचे चित्र उचलतात आणि त्यासोबत कुणीतरी मोबदला घेऊन केलेले भाषांतरही उचलतात.

हक्क_आणि_व्यवहार
वरील भेद महत्त्वाचा आहे. कोरियातच गाजलेले ‘नूनू टीव्ही’ हे अनधिकृत संकेतस्थळ बेकायदा जुगाराच्या जाहिरातींवर पैसा मिळवत असे आणि सरकारी दबाव वाढल्यावर एप्रिल २०२३ मध्ये ते बंद झाले. यात चाहत्यांचे प्रेम कोठेही नाही. भारतातही दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असा आदेश दिला की, बंद केलेले संकेतस्थळ नव्या पत्त्यावर उगवले तर त्यासाठी स्वतंत्र खटल्याची गरज नाही, त्याच आदेशात त्या पत्त्याची भर घालता येईल.

सायली_वाचते
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. ‘ड्रामाफीव्हर’ ही कोरियन मालिका दाखवणारी पूर्णपणे अधिकृत सेवा ऑक्टोबर २०१८ मध्ये मालक कंपनीने अचानक बंद केली आणि पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांच्या मालिका अर्धवटच राहिल्या. अशा वेळी काय करावे?

उपशीर्षककार
त्या प्रेक्षकांचा राग रास्तच होता. मी आधी ‘विकी’ पाहतो आणि मग मूळ वाहिनीचे यूट्यूब खाते. केबीएसने आपल्या काही जुन्या मालिका तेथे स्वतःच ठेवल्या आहेत. तुम्हाला हव्या असलेल्या मालिकेचे नाव सांगितलेत, तर शोधून पाहीन.