लडलो: इंग्लंडच्या सहलीतला एक दिवस बाजाराच्या गावाला द्यावा का?

टेमकाठ
आपली मंडळी इंग्लंडला येतात, लंडन, स्टोनहेंज आणि फार तर लेक डिस्ट्रिक्ट करून परततात. माझं ठाम मत आहे की एक दिवस श्रॉपशरमधल्या लडलोला द्यावा, तोही बाजाराच्या दिवशी: सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार. अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदारांनी टेम नदीकाठच्या टेकाडावर किल्ला बांधायला घेतला आणि पुढे त्याच्या दारासमोर रस्ते आखून पेठ वसवली गेली. बाजार आजही तिथेच भरतो. १५०२ साली युवराज आर्थर याच किल्ल्यात वारला, म्हणून त्याचा धाकटा भाऊ आठवा हेन्री होऊन गादीवर आला.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते सेंट लॉरेन्स चर्चमधलं लाकडी कोरीवकाम. गायकवृंदाच्या आसनांच्या पाटाखाली एक बीअरवाली कोरली आहे. तिने मापात पाप केलं, म्हणून सैतान तिला उचलून नरकाच्या जबड्याकडे नेतोय. देवळात असं चित्र करून घेणारं गाव बाजाराला किती मानत असेल!

हडपसरकर
नाही पटलं. आई-बाबा दोन आठवड्यांसाठी येतात. लंडनहून लडलोला थेट गाडी नाही, वाटेत बदलावी लागते आणि जायलाच तीन तासांवर वेळ जातो. संध्याकाळी परत यायचं, म्हणजे दिवस रेल्वेतच गेला.

शिवाय ‘बाजार आजही तिथेच’ हे अर्धंच खरं. त्या चौकात व्हिक्टोरियन काळातली टाउन हॉलची मोठी इमारत होती. ती १९८६ मध्ये पाडली, तेव्हा हे मोकळं मैदान झालं. आज तिथे चीज, पाव, रोपं, जुन्या वस्तू मिळतात. आपल्या आठवडी बाजारात पंचक्रोशीतला शेतकरी वर्षाची घडी बसवायला येतो, ती निकड या बाजारात मला दिसत नाही.

टेमकाठ
टाउन हॉलचं बरोबर आहे, पण त्याच्याही मागे जा. मध्ययुगात बाजाराची जागा किल्ल्यापासून गावातल्या बुल रिंग नावाच्या रस्त्यापर्यंत एकसलग होती. विक्रेत्यांच्या पालांच्या रांगा पिढ्यानपिढ्या पक्क्या होत गेल्या, आपल्याकडे टपरीचं दुकान होतं तशाच. आज हाय स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटच्या मधल्या अरुंद बोळांतून चालताना आपण मूळच्या बाजारपटांगणातूनच चालत असतो. १९८६ मध्ये त्या पटांगणाचा एक तुकडा मोकळा झाला इतकंच. हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही, पायाखाली आलं की राहतं.

कार्डिफची वऱ्हाडीण
दादा, तुम्ही दोघंही मुख्य गोष्ट सोडताय. हा किल्ला १८११ मध्ये विकत घेतला एडवर्ड क्लाइव्हने, म्हणजे प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने. हा वीस वर्षं लडलोचा खासदार होता आणि १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर. त्याच्याच कारकिर्दीत श्रीरंगपट्टण पडलं. टिपूचा तंबू आज वेल्समधल्या पोविस किल्ल्यात, याच घराण्याच्या संग्रहात आहे. आणि १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेल्या फौजेत मद्रासच्याच पलटणी होत्या. मराठी माणसाने लडलोला जावं ते हे सगळं डोक्यात ठेवून.

हडपसरकर
ताई, मग तर माझा विरोध वाढला. किल्ला अजून याच घराण्याकडे, पोविसच्या अर्लांकडेच (अर्ल म्हणजे सरदारकीची पदवी) आहे. आपण तिकीट काढून तो का बघायचा?

कार्डिफची वऱ्हाडीण
नका काढू. चौकात, बोळांत, ब्रॉड स्ट्रीटच्या उतारावर फिरायला कोणी पैसे मागत नाही. मला स्वतःला मात्र आत जावंसं वाटतं. कंपनीच्या राज्यातून मोठी झालेली माणसं मायदेशी कशी रुजली, खासदारकी, सरदारकी, जुना किल्ला, हे तिथे उभं राहिल्यावर फार स्पष्ट दिसतं. लंडनच्या संग्रहालयात वस्तू दिसतात, त्यामागचं घराणं दिसत नाही.

टेमकाठ
हा धागा मी इतका जोडला नव्हता. पोविस आणि लडलो एकाच फेरीत करावं, असं आता सुचवेन. मँचेस्टर किंवा कार्डिफहून येणाऱ्यांना लडलोला थेट गाडी मिळते, स्टेशनपासून चौक चालत जाण्याइतकाच आहे.

हडपसरकर
मँचेस्टरला किंवा कार्डिफला नातेवाईक असतील तर जरूर जा, एवढं मी मान्य करतो. पण पहिल्यांदाच आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना लंडनहून एका दिवसात तिकडे नेऊन आणू नका. चढाचं गाव आहे ते.